पाळी येतेय, वय चाळिशीच्या आतबाहेर, तरी हा त्रास का? पेरीमेनोपॉज लवकर ओळखण्याबद्दल

आंबेमोहोर

मैत्रिणींनो, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. माझं वय ४०. माझ्या ऑफिसात, भिशीत, शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर ३६ ते ४२ मधल्या कितीतरी जणी सध्या एकसारख्याच तक्रारी सांगतायत. रात्री तीनला जाग येते ती परत झोप लागतच नाही, छातीत धडधडतं, पोरांवर उगाच ओरडलं जातं आणि मग रडू येतं, पाळीच्या आधी डोकं फुटेल असं दुखतं, रोजच्या माणसाचं नाव आठवत नाही. आणि घरून, दवाखान्यातून प्रत्येकीला उत्तर एकच, टेन्शन घेऊ नका. कोणी धीर करून मेनोपॉजचं विचारलंच तर "अहो पाळी येतेय ना, मग कसला मेनोपॉज!"

या एका वाक्यात बायकांची वर्षंच्या वर्षं जातात म्हणून आधी तेवढं स्पष्ट लिहिते. सलग १२ महिने पाळी आली नाही की त्याला मेनोपॉज झाला म्हणतात. त्याच्या आधीचा जो चढउताराचा काळ तो पेरीमेनोपॉज, तो साधारण ४ ते ८ वर्षं चालतो आणि त्यातला बराचसा काळ पाळी येतच असते. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास. आता ४६ मधून ८ वजा करा, ३८ येतात. म्हणजे ३८-३९ ला सुरुवात होणं हे आपल्याकडे जगावेगळं नाहीच, पण आपण वाचतो ती बहुतेक माहिती तिकडच्या वयाच्या हिशोबाने लिहिलेली असते त्यामुळे वाटतं आपल्याला अजून पुष्कळ अवकाश आहे.

दुसरं, सुरुवातीपासूनच इस्ट्रोजेन कमी कमी होत जातं असं सगळ्यांना वाटतं, तसं ते नसतं. आधी काय होतं तर मधूनमधून एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही, मग त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन कधी नेहमीपेक्षा वर कधी एकदम खाली असं हेलकावत राहतं. म्हणून एकाच बाईला एका महिन्यात छाती दुखून ब्लाउज नकोसा होतो आणि धो धो अंगावर जातं, आणि पुढच्याच महिन्यात रात्री घामाने गाऊन भिजतो.

आता ओळखायचं कसं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. आमच्याकडे त्यावर दुधाचे खाडे निळ्या पेनाने आणि पाळीची तारीख लाल गोलाने असते. समजा जानेवारीत १२ ला गोल आहे, फेब्रुवारीत ९ ला, मार्चमध्ये ४ ला आणि मग एकदम ७ एप्रिल. दिवस मोजले तर २८, २३, ३४. वरवर बघितलं तर "दर महिन्याला येतेय की", पण लागोपाठच्या दोन चक्रांत ७ दिवस किंवा त्याहून जास्त फरक पडायला लागला आणि असं परत परत व्हायला लागलं तर ती पेरीमेनोपॉज सुरू झाल्याची अधिकृत खूण मानतात. मध्ये ६० दिवस किंवा जास्त गॅप पडायला लागली की तो पुढचा टप्पा. आणि या सगळ्याच्याही आधी बऱ्याच जणींचं चक्र नुसतंच दोन-तीन दिवसांनी आखडतं, २९ चं २६ होतं, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. अ‍ॅप वापरत असाल तर पुढची तारीख ते काय सांगतंय ते सोडा, मागच्या सहा महिन्यांच्या खऱ्या तारखा काढून बघा.

तारखेच्या शेजारी अजून दोन-तीन अक्षरं लिहायची. झोप गेली तर झ, डोकं दुखलं तर ड, घाम आला तर घ. तीन महिन्यांनी पान उलटून बघितलं की कळतं हे ऑफिसच्या क्लोजिंगला होतंय का पाळीच्या आधीच्या आठवड्याला.

तुमचे अनुभव लिहा. वय लिहिलंत तर बरं, कारण वयानेच सगळा फरक पडतो.

निशिगंध

आंबेमोहोर ताई, हे आधी कुठे वाचायला मिळालं असतं तर! वय ३९, कोल्हापूर. मला घाम-बिम नव्हता आधी, फक्त धडधड. रात्री झोपेतून दचकून उठायचं आणि हृदय असं पळतंय की उशीला ऐकू यावं. ईसीजी झाला, टूडी इको झाला, सगळं नॉर्मल, हार्टवाले डॉक्टर म्हणाले काही नाही घरी जा. घरी आले पण धडधड गेली नाही ना. मग मीपण तारखा लिहायला लागले तर ते नेमकं पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस आणि मग थांबतं. आता मानेपासून वर वाफ आल्यासारखं पण होतं, फॅन पाचवर आणि नवरा गोधडीत. थायरॉइड अजून केलं नाहीये, ते करावं लागेल का?

काजूबी

+१ धडधड. शिवाय खाज. हातापायाला, डोक्यात, कुठेही पुरळ नाही आणि खाज. स्किनवाल्याने तेल लावा सांगितलं. वय ४२.

रानवारा

विषय चांगला आहे पण मला एक भीती वाटते ती लिहिते. आता सगळंच पेरीमेनोपॉजच्या खात्यावर टाकायची लाट आलीय. माझी धाकटी जाऊ, वय ३७, दम लागायचा, धडधड, केस गळणं, चिडचिड, अंगावर जास्त जाणं. रील्स बघून बघून तिने ठरवून टाकलं की हे हार्मोन आहेत आणि ऑनलाइन कॅप्सूल मागवून खात बसली. शेवटी मी ओढत नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ आणि गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ. सगळी लक्षणं तीच हो, कारण वेगळं. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे, तिथे आधी रक्त तपासायचं सोडून हार्मोनवर उडी मारणं मला अजिबात पटत नाही.

आंबेमोहोर

रानवारा, शंभर टक्के पटलं, आणि मला वाटतं दोन्ही बाजूंनी नुकसान एकाच गोष्टीने होतं, नाव देऊन मोकळं व्हायचं आणि तपासणी थांबवायची. टेन्शन म्हटलं तरी तपासणी थांबते आणि पेरीमेनोपॉज म्हटलं तरी थांबते. इथे कोणी डॉक्टर असेल तर नेमकं काय काय तपासायचं ते लिहा प्लीज.

ओपीडी_सोमवार

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सांगलीकडे प्रॅक्टिस. इथे कोणाला औषध सांगणार नाही, पण काय विचारायचं ते सांगते. लांबेल.

पहिलं म्हणजे वयाचे तीन कप्पे डोक्यात ठेवा. ४५ च्या पुढे असाल, पाळी पुढेमागे होतेय आणि वाफा येतायत, तर पेरीमेनोपॉज आहे हे सांगायला हार्मोनच्या टेस्टची गरज नसते, बाईचं बोलणं पुरतं. ४० ते ४५ मध्ये बाकीची कारणं बघून मग ठरवायचं, लागली तर टेस्ट. आणि ४० च्या आत पाळी तीन-चार महिने आलीच नाही किंवा वर्षभर फार लांबायला लागली तर त्याला पेरीमेनोपॉज म्हणून सोडून द्यायचं नाही. तिथे अंडाशय वेळेआधी थकतंय का हे तपासलंच पाहिजे, त्याला पीओआय म्हणतात, प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी. १०० मध्ये एकीला तरी होतं असं आम्ही शिकलो, हल्लीचे आकडे त्याहून जास्त सांगतात. याचं महत्त्व फक्त मूल होण्यापुरतं नाही. इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलं तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचा धोका वाढतो, म्हणून या मुलींना काही अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देतात. ही ट्रीटमेंट नैसर्गिक वयात जेवढं शरीराला मिळालं असतं तेवढं भरून काढण्यासाठी असते, ते ऐकून घाबरू नका.

आता टेस्ट. निशिगंध, हो, थायरॉइड करायचंच. टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), साखर, बी१२, व्हिटॅमिन डी आणि पाळी चुकली असेल तर सगळ्यात आधी प्रेग्नन्सी टेस्ट, वय ४४ असलं तरी. फेरिटिन मुद्दाम मागून घ्या कारण हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून लोक निश्चिंत होतात आणि आतला लोहाचा साठा रिकामा असतो, त्याने केस, धडधड, थकवा, पाय अस्वस्थ होऊन झोप न लागणं हे सगळं होतं. खांदा आखडला असेल तर साखर बघाच, फ्रोझन शोल्डर या वयात बायकांना होतोच पण डायबेटिसमध्ये जास्त होतो. आणि रात्रीच्या घामाबद्दल एक गोष्ट आपल्या देशात कधीही विसरायची नाही. घामाबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं किंवा दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर टीबी तपासा.

एफएसएच, म्हणजे अंडाशयाला कामाला लावणाऱ्या हार्मोनची टेस्ट, एकदा करून काही कळत नाही. या काळात तो या महिन्यात ३० आणि पुढच्या महिन्यात ८ असू शकतो, नॉर्मल आला म्हणून पेरीमेनोपॉज नाही असं होत नाही. पीओआयचा संशय असेल तर मात्र तो करतात आणि २५ च्या वर आला तर पुढचा विचार होतो, शंका राहिली तर चार-सहा आठवड्यांनी परत. एएमएच ही टेस्ट हल्ली पॅकेजमध्ये सगळे करून येतात, तिच्यावरून बीजांचा साठा किती याचा अंदाज येतो, तुमची धडधड कशामुळे आहे ते त्यातून कळत नाही. आणि तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर येणारी पाळी गोळीची असते, तिच्या तारखांवरून काहीही अंदाज बांधू नका.

पीसीओएसवाल्या, म्हणजे अंडाशयाच्या विकारामुळे पाळी अनियमित असलेल्या मुलींसाठी वेगळं. तुमची पाळी आयुष्यभर पुढेमागेच झालेली, त्यात पस्तिशीनंतर बऱ्याच जणींची उलट नियमित व्हायला लागते. त्यामुळे तुम्हाला तारखांपेक्षा झोप, घाम, कोरडेपणा, वारंवार लघवीचं इन्फेक्शन यावर लक्ष ठेवावं लागेल.

शेवटचं, पाळी मागेपुढे झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं समजू नका. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष.

काजूबी

डॉक्टर ताई, एवढं सविस्तर! स्क्रीनशॉट काढून बहिणींच्या ग्रुपवर टाकला. खाजेचं काय?

ओपीडी_सोमवार

इस्ट्रोजेन कमी झालं की कातडी कोरडी होते, खाज येऊ शकते. पण पुरळ नसताना अंगभर खाज असेल तर थायरॉइड, साखर, फेरिटिन, लिव्हर आणि किडनी एकदा बघून घ्या. ते सगळं नीट असेल तर साबण बदला, आंघोळीचं पाणी कोमट, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम.

जुनीजाणती

माझं वय ६३. आमच्या वेळी याला नावच नव्हतं. चाळिशीतली बाई तापट झाली की म्हणायचे "हिची पाळी जायला आलीय, हिच्या नादी लागू नका", आणि तेवढ्यावर ती बाई एकटी पडायची. माझी आई ४१ व्या वर्षी रात्री उठून अंगणात फरशीवर जाऊन झोपायची, आम्हा पोरांना वाटायचं वडिलांशी भांडण झालं. तिला गारवा हवा होता एवढंच.

एक सुचवते. आईला, मावशीला, मोठ्या बहिणीला विचारा की पाळी कितव्या वर्षी गेली. "त्रास झाला का" असं विचारलंत तर त्या नाही म्हणतील, आमच्या पिढीला त्रास झाला म्हणायची सवय नाही. वय विचारा. तुझं लग्न ठरलं तेव्हा, दादाची दहावी होती तेव्हा, अशा खुणांनी त्या बरोबर सांगतात. आईची लवकर गेली असेल तर मुलीची लवकर जायची शक्यता वाढते.

रानवारा

हे फार मोलाचं सांगितलंत काकू. सासूबाईंना विचारून उपयोग नाही, आपल्या माहेरच्या बाजूचं बघायचं. आणि सिगारेटने पाळी वर्ष-दोन वर्षं लवकर जाते हेही कोणीतरी लिहा, आयटीतल्या मुलींना सांगायला हवं.

गोदाकाठ

मी बीड जिल्ह्यातली, शिक्षिका. तुमच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय ती लिहायलाच हवी, कारण आमच्याकडे "चाळिशीच्या आत" हा प्रश्न असा येतच नाही. आमच्याकडे तिशीत पिशवी काढलेली असते.

ऊसतोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस पाळीने किंवा पोटदुखीने फडात गेलं नाही की खाडा, त्याचे पैसे कापणार. फडावर ना पाणी ना आडोसा. त्यात अंगावर पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलं की सोनोग्राफी आणि "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल". दोन-तीन लेकरं झालेली, नसबंदी झालेली, मग पिशवीचं काम काय असं तिलाही वाटतं आणि घरच्यांनाही. २०१९ साली हे बातम्यांत आलं तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. विशी-तिशीतल्या बायका होत्या त्यात.

या बायकांना पाळीच नाही, म्हणजे तारीख लिहायची सोय नाही. त्यांची लक्षणं कशी ओळखायची? माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई, ३५ ची असेल, पालकसभेला आली की पदराने सारखी मान पुसते, बसली की गुडघे धरून उठते, सांगते "बाई, अंगात कायम कणकण वाटते, रातच्याला डोळा लागत न्हाई". ती याला ऑपरेशनचा अशक्तपणा म्हणते. डॉक्टर ताई, कृपया याबद्दल लिहा.

ओपीडी_सोमवार

गोदाकाठ, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पिशवी काढताना अंडाशयंही काढली का, हा पहिला प्रश्न, आणि बहुतेक बायकांना ते माहीतच नसतं. दोन्ही अंडाशयं काढली असतील तर त्या दिवसापासूनच मेनोपॉज सुरू, तोही एकदम, हळूहळू नाही, त्यामुळे त्रास जास्त. अंडाशयं ठेवली असली तरी अशा बायकांचं अंडाशयाचं काम सरासरी काही वर्षं लवकर थांबतं. ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर शोधायला सांगा, त्यात लिहिलेलं असतं. नसेल तर सोनोग्राफीत दिसू शकतं. तिशीत दोन्ही अंडाशयं काढलेल्या बाईला हार्मोनची गरज असते, आणि पिशवी नसल्यामुळे साधारणपणे नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभागात स्पष्ट सांगायचं, "पिशवी अमुक वयात काढली, आता घाम आणि सांधेदुखी आहे". अशक्तपणा एवढंच सांगितलं तर टॉनिक आणि कॅल्शियमवर बोळवण होते.

आणि ज्यांना आता जास्त अंगावर जातंय त्या सगळ्यांसाठी. पेरीमेनोपॉजमध्ये रक्तस्राव वाढणं हे नेहमीचं आहे आणि नेमक्या याच कारणाने बऱ्याच पिशव्या काढल्या जातात. रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या असतात, हार्मोनच्या गोळ्या असतात, पिशवीत बसवायचं हार्मोनचं लूप असतं, फायब्रॉइड असेल तर तेवढाच काढता येतो. सोनोग्राफीत "अस्तर जाड आहे" असं आलं म्हणून हादरून जाऊ नका. पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिन्याच्या दिवसाप्रमाणे पातळ-जाड होतच असतं. पण दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, सातच्या वर दिवस चालत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त येत असेल तर थांबू नका, तपासा, लागलं तर अस्तराचा तुकडा तपासायला द्या. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला तरी दाखवायचं.

ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

तिकडची_मी

मी लीड्सला असते, वय ४३. इथे फॅमिली डॉक्टरने माझी एकही हार्मोन टेस्ट केली नाही, थायरॉइड-साखर-सीबीसी केलं, तारखांचा कागद बघितला आणि कातडीवर चिकटवायचा इस्ट्रोजेनचा पॅच सुरू केला, सोबत प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या. इंग्लंडमध्ये २०२३ पासून एचआरटीसाठी, म्हणजे या हार्मोनच्या उपचारासाठी, वर्षाचं एकच प्रिस्क्रिप्शन सर्टिफिकेट काढता येतं त्यामुळे खर्चही कमी आहे. पण मला सांगायचंय ते वेगळंच. आई पुण्याहून फोनवर रडायला लागली, "कॅन्सर होतो गं त्याने". ही भीती आली कुठून ते शोधलं. २००२ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला, डब्ल्यूएचआय, हार्मोनमुळे ब्रेस्ट कॅन्सर वाढतो म्हणून जगभर बातम्या. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं! चाळिशीतल्या बाईचं गणित वेगळं असतं, आणि ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त असतो हे नंतर स्पष्ट झालं. आईला हे समजवायला अख्खा रविवार गेला, पण पटलं.

ओपीडी_सोमवार

बरोबर. फक्त एक जोड, ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला असेल, पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झालेली असेल, लिव्हरचा आजार असेल किंवा रक्तस्रावाचं कारण अजून सापडलं नसेल तर हार्मोन असं सरळ सुरू करत नाहीत. त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधं आहेत. गुठळीची भीती गोळीपेक्षा पॅच-जेलमध्ये कमी. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, मैत्रिणीचं जेल आणून नुसतं लावू नका.

चिंचेचा_पाला

पहिल्यांदाच लिहितेय. वय ३३. एंडोमेट्रिओसिसमुळे (पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार) दोन्ही अंडाशयांवरच्या चॉकलेट सिस्टचं, म्हणजे जुनं रक्त साठलेल्या गाठींचं, ऑपरेशन झालंय. आता चार महिने पाळी नाही, रात्री घाम येतो, संबंधाच्या वेळी आग होते म्हणून मी टाळते आणि नवऱ्याला वाटतं मला तो नकोसा झालाय. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. घरी सगळे म्हणतात वजन कमी कर येईल पाळी. मूल अजून नाही. हे सगळं वाचून पोटात गोळा आलाय.

आंबेमोहोर

चिंचेचा_पाला, आधी एक घट्ट मिठी. बरं झालं लिहिलंस. तू या आठवड्यातच अपॉइंटमेंट घे, वजनाचं नंतर बघू.

ओपीडी_सोमवार

अंडाशयावरच्या ऑपरेशनने बीजांचा साठा कमी होऊ शकतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत वाट बघण्यात अर्थ नाही. एफएसएच, इस्ट्राडिऑल, टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि सोनोग्राफी. तुम्हाला मूल हवंय म्हणून एएमएचसुद्धा, आणि वंध्यत्वाचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे थेट जा. जाताना ऑपरेशनचे पेपर न्या. पीओआयचं निदान झालं तरी काही जणींना मधूनच बीज सुटतं आणि दिवस राहतात, त्यामुळे आत्तापासून धीर सोडू नका. आग होते त्यासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, ते विचारा, लाजू नका. नवऱ्याला सोबत न्या आणि हे कोरडेपणाने होतं हे डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या.

सह्यकडा

मी पुरुष आहे, लिहिलं तर चालेल ना? बायकोचं वय ४१. इथलं सगळं वाचत होतो. गेल्या वर्षभरात ती बदललीय, आधी हसतखेळत असायची, आता स्वयंपाक करता करता डोळ्यात पाणी येतं आणि विचारलं तर "काही नाही". मी तिला कसं सांगू? "तुला पेरीमेनोपॉज असेल" म्हटलं तर तिला वाटेल मी वयावरून बोलतोय.

जुनीजाणती

अवश्य लिहा. नाव काहीही देऊ नका. "तू रात्रीची जागी असतेस ते मला दिसतंय, आपण दोघं डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून येऊ" एवढंच म्हणा. आणि सकाळचा डबा तुम्ही करा, रात्री तीनला उठलेल्या बाईला सहाचा गजर नको.

ओपीडी_सोमवार

डोळ्यात पाणी हे नुसतं हार्मोनचं आहे असं गृहीत धरू नका. या काळात डिप्रेशनचं प्रमाण वाढतं, ज्यांना बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी मन खचायचा त्रास झालाय त्यांना जास्त. दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नसेल किंवा जगण्याबद्दल वाईट बोलत असतील तर मनोविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा. दोन्ही उपचार एकत्र चालतात.

काजूबी

शतावरी, सोयाबीन, अळशी यांचा उपयोग होतो का? माझी आत्या फार मागे लागलीय.

आंबेमोहोर

माझं मत सांगते. आहारात नाचणी, तीळ, डाळी, सोया हवंच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आपल्याला दिवसाला हजारच्या आसपास लागतं. सोयाने वाफा थोड्या कमी झाल्याचं काही जणी सांगतात, ती मदत छोटीच असते. शतावरी किंवा कुठलंही चूर्ण घेत असाल तर डॉक्टरला सांगून घ्या, आणि रक्तस्राव जास्त असताना कारण कळेपर्यंत नको. व्यायामात मात्र वजनं उचला, नुसतं चालून हाडांचं भागत नाही.

निशिगंध

अपडेट. टीएसएच नॉर्मल, हिमोग्लोबिन १२.१ आणि फेरिटिन ९! लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. डॉक्टरांनी तारखांचा कागद नीट बघितला, म्हणाल्या दोन्ही असू शकतं, आधी लोह भरून काढू आणि धडधड राहिली तर पुढचं बोलू. एक शंका, मी केस गळतात म्हणून वर्षभर बायोटिनच्या गोळ्या घेतेय, टेस्टच्या दिवशीसुद्धा घेतली होती, त्याने काही फरक पडतो का?

ओपीडी_सोमवार

हो, बायोटिनने थायरॉइडचा आणि काही हार्मोन टेस्टचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. दोन-तीन दिवस गोळी बंद ठेवून टीएसएच परत करा, डोस मोठा असेल तर किती दिवस बंद ठेवायची ते लॅबला विचारा. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या आणि थायरॉइडची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास ठेवा. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा.